वर्दीनंतरचा महिना : मदतीला धावणाऱ्यांच्या मानसिक आघाताची पार्श्वभूमी

४ एप्रिल २०१३ च्या संध्याकाळी ठाण्याच्या शीळफाट्याजवळची लकी कंपाउंडमधली अनधिकृत इमारत कोसळली आणि ७४ माणसे गेली. अग्निशमन दलाचे जवान, एनडीआरएफच्या तुकड्या, पोलीस आणि रुग्णवाहिकांचे चालक त्या ढिगाऱ्यावर राबत होते, तर रुग्णालयांत अपघात विभागाचे डॉक्टर आणि सिस्टर. पुढच्याच महिन्यात अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने मनोविकारांच्या निदानपुस्तिकेची पाचवी आवृत्ती काढली. मृतांचे अवशेष गोळा करणाऱ्या मदतकर्त्यांना किंवा बालअत्याचाराचे तपशील पुन्हा पुन्हा हाताळावे लागणाऱ्या पोलिसांना, स्वतःच्या जिवावर काही बेतले नसतानाही आघातोत्तर तणावविकार (पीटीएसडी, म्हणजे भयंकर प्रसंगानंतर मागे उरणारा मानसिक त्रास) होऊ शकतो, हे तिच्या निकषांत प्रथमच स्पष्टपणे आले. तीच दृश्ये घरी टीव्हीवर पाहणाऱ्याला हा निकष लागू होत नाही, कामाचा भाग म्हणून पाहणाऱ्याला होतो. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही. पण शीळफाट्यावर काम केलेल्यांचा त्रास निदानाच्या चौकटीत बसायला किती उशीर झाला, ते या तारखांवरून कळते.

मुळात हा सगळा विचार सुरू झाला रेल्वेमुळे. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी १८५३ मध्ये धावली, त्यानंतर १३ वर्षांनी, १८६६ मध्ये, लंडनचे शल्यचिकित्सक जॉन एरिक एरिक्सन यांनी रेल्वे अपघातांतून वाचलेल्या प्रवाशांबद्दल लिहिले. अंगावर जखम नाही, तरी झोप उडालेली, हात थरथरतात, कामात लक्ष लागत नाही. त्यांनी कारण शोधले पाठीच्या कण्यात, आणि दुखण्याला नाव पडले ‘रेल्वे स्पाइन’. अशा प्रवाशांचे नुकसानभरपाईचे खटले चालत असल्याने रोगी खरा की सोंग करतो, हा संशय तेव्हापासूनच या दुखण्याला चिकटला. पहिल्या महायुद्धात, १९१५ मध्ये, चार्ल्स मायर्स यांनी तोफगोळ्यांच्या माऱ्यात खचलेल्या सैनिकांच्या ‘शेल शॉक’वर लिहिले. अमेरिकी सैन्याचे थॉमस साल्मन यांनी रीत घालून दिली ती अशी : आघाडीच्या जवळच, लवकरात लवकर, आणि माणूस बरा होऊन कामावर परतेल हे गृहीत धरून उपचार करायचे. आघातोत्तर तणावविकार हे अधिकृत निदान मात्र १९८० मध्ये आले.

या सगळ्यात प्रवासी होते, सैनिक होते, पण मदतीला गेलेला माणूस नव्हता. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमधल्या स्फोटांत अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. दरवर्षी १४ एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताहात केंद्राकेंद्रांवर त्यांना मानवंदना दिली जाते. जे वाचले, ते पुढच्या वर्दीवर, म्हणजे मदतीच्या पुढच्या बोलावण्यावर, गेले असणार. त्यांच्याकडे वळून पाहण्याची पद्धत तेव्हा पडलेली नव्हती.

ती पडायला १९८३ उजाडले. त्या फेब्रुवारीत दक्षिण ऑस्ट्रेलियात भीषण वणवे लागले. ते विझवणाऱ्या जवानांची अलेक्झांडर मॅकफार्लेन यांनी ४, ११ आणि २९ महिन्यांनी पाहणी केली. काही जण सुरुवातीला ठीक होते आणि त्रास नंतर वर आला. त्याच वर्षी अमेरिकेत जेफ्री मिचेल यांनी मदतपथकांसाठी सामूहिक बैठकीची पद्धत मांडली. घटनेनंतर साधारण २४ ते ७२ तासांत पथकाला एकत्र बसवायचे आणि सात टप्प्यांतून न्यायचे : ओळख, काय घडले, मनात काय आले, सर्वांत वाईट काय वाटले, लक्षणे, माहिती आणि समारोप. पद्धत सुटसुटीत होती, खर्च कमी होता, आणि काहीतरी केल्याचे समाधान मिळत होते. जगभर ती झपाट्याने पसरली, अनेक ठिकाणी सक्तीची झाली, आणि मूळ आखणीबाहेर जाऊन एकेकट्या जखमींवरही वापरली गेली.

तिथेच घात झाला. भाजलेल्या रुग्णांवरची एक चाचणी १९९७ मध्ये प्रसिद्ध झाली. अशी एकच बैठक झालेल्यांपैकी २६ टक्के लोकांत १३ महिन्यांनी आघातोत्तर विकार आढळला, बैठक न झालेल्यांत ९ टक्के. दोन्ही गट सुरुवातीला अगदी सारखे नव्हते हे खरे, पण वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २००२ च्या आढाव्यानेही एकदाच घेतलेल्या सक्तीच्या बैठकीचा उपयोग दिसत नाही असाच निष्कर्ष काढला. कारणे समजण्यासारखी आहेत. पहिल्या दोन-तीन दिवसांत शरीर अजून धोक्याच्याच पवित्र्यात असते. अशा वेळी बारीकसारीक तपशील बोलायला लावले तर आठवण निवण्याऐवजी पक्की होते. ज्याने मृतदेह पाहिलाच नाही त्याला तो सहकाऱ्याच्या तोंडून दिसतो. आणि आमच्या मते सर्वांत मोठे नुकसान हे की, बैठक झाली म्हणजे फाइल बंद होते. त्रास होणारा माणूस सहसा चौथ्या आठवड्यात सापडतो, आणि तेव्हा विचारणारे कोणी नसते.

आज शिफारस केली जाते ती रीत साधी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०११ च्या मानसिक प्रथमोपचार मार्गदर्शिकेत तीन क्रिया सांगितल्या आहेत : पाहा, ऐका, मदतीशी जोडून द्या. पाणी, खाणे, कोरडे कपडे, घरी एक फोन. बोलायचे असेल तर ऐकायचे, खोदून विचारायचे नाही. ब्रिटनच्या रॉयल मरीन्समधून आलेल्या पद्धतीत पथकातलाच प्रशिक्षित सहकारी साधारण तीन दिवसांनी आणि पुन्हा एक महिन्याने प्रत्येकाशी बोलतो. महिन्याचे महत्त्व निदानातही आहे : लक्षणे महिनाभराच्या आत असतील तर तो तीव्र तणाव, त्यापुढे टिकली तरच आघातोत्तर विकार.

त्या भेटीसाठी दहा प्रश्नांची एक छोटी चाचणी पुरते. नको असताना आठवणी येतात का, वाईट स्वप्ने पडतात का, पुन्हा तेच घडते आहे असे वाटते का, आठवण करून देणारे काही दिसले की मन अस्वस्थ होते का, छाती धडधडते किंवा घाम फुटतो का, झोप लागायला किंवा टिकायला त्रास होतो का, चिडचिड होते का, लक्ष लागत नाही का, धोक्याची सतत धास्ती वाटते का, अचानक आवाजाला दचकायला होते का. गेल्या आठवड्यात किमान दोनदा घडले असेल तर ‘हो’. सहा किंवा जास्त ‘हो’ आले तर तज्ज्ञाकडे पाठवायचे. ही चाचणी तीन आठवड्यांच्या आत घेऊ नये, कारण तोवर बऱ्याच निरोगी माणसांचीही उत्तरे ‘हो’ येतात. पहिल्या महिन्यात झोपेसाठी अल्प्राझोलामसारखी गोळी देणे हा आपल्याकडचा सर्रास शॉर्टकट, पण जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्येच बेन्झोडायझेपिन गटातली औषधे अशा वेळी देऊ नका असे सांगितले आहे. विकार जडलाच तर आघातकेंद्री बोधवर्तन उपचार (विचार आणि वागणे बदलण्यासाठी बोलण्यातून दिले जाणारे उपचार) साधारण ८ ते १२ सत्रांत दिले जातात.

रुग्णालयातल्यांचा इतिहास वेगळ्या वाटेने आला. कामाने करपून जाण्याबद्दल हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४ मध्ये लिहिले, तर योग्य काय ते कळूनही करता येत नाही या नर्सेसच्या घुसमटीबद्दल अँड्र्यू जेमटन यांनी १९८४ मध्ये. कोविडमध्ये दोन्ही एकदम आले. बाळकुमचे ग्लोबल हब आणि वाशीचे सिडको प्रदर्शन केंद्र रातोरात कोविड रुग्णालये झाली. पीपीई किटमध्ये तासन् तास पाण्याविना काढायचे, आणि एप्रिल २०२१ मध्ये एक बेड असताना दारात चार नातेवाईक. तिथे उरलेली जखम भीतीची नसते, अपराधाची असते. त्यावर योगाचा वर्ग किंवा मोबाइल ॲप ही उत्तरे नव्हेत. बेड कोणाला द्यायचा याचा निकष आधीच लिहून ठेवलेला हवा आणि त्यावर वरिष्ठाची सही हवी, म्हणजे नाइटच्या सिस्टरला किंवा नुकत्या लागलेल्या आरएमओला (निवासी डॉक्टरला) तो निर्णय एकट्याने आयुष्यभर वाहावा लागत नाही.

भारतात या कामाची पायाभरणी भोपाळने केली. १९८४ च्या वायुकांडानंतर निमहान्स या बंगळूरच्या मनोआरोग्य संस्थेच्या तज्ज्ञांनी तिथल्या सर्वसाधारण वैद्यकीय अधिकाऱ्यांना मानसिक उपचारांचे प्रशिक्षण दिले. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची मनोसामाजिक आधाराची मार्गदर्शक तत्त्वे डिसेंबर २००९ मध्ये आली. ठाण्यात तर १९०१ पासून मनोरुग्णालय आहे आणि १९९० पासून डॉ. आनंद नाडकर्णी यांची आयपीएच ही मानसिक आरोग्य संस्था. सोय जवळ आहे, पण ‘याला ठाण्याला पाठवा’ ही थट्टा ज्या भागात लहानपणापासून कानावर पडते, तिथे गणवेशातला माणूस सहजासहजी ती पायरी चढत नाही. म्हणून विचारपूस केंद्रावर, ड्यूटीच्या वेळेत आणि सगळ्यांचीच व्हावी लागते. ज्याला त्रास आहे त्याने यावे, असे सांगितले की कोणीच येत नाही.

जुलै २०२३ मध्ये खालापूरच्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. यंत्रे वर नेता येत नव्हती, पावसात चढायचे आणि फावड्याने खणायचे. चढतानाच नवी मुंबई अग्निशमन दलाचे एक अधिकारी मृत्युमुखी पडले. २७ मृतदेह मिळाले आणि ५७ जण बेपत्ता असताना शोध थांबवावा लागला. बचावकार्य अपुरे राहिल्याची बोच अशा ठिकाणी घट्ट बसते. ते का थांबवले, हे पथकाला वर्तमानपत्रातून नव्हे तर आपल्या अधिकाऱ्याच्या तोंडून, डोंगरावरून उतरण्याआधी कळले पाहिजे.

मृतदेह हाताळण्याचेही शास्त्र आहे. चेहरा, हात आणि वैयक्तिक वस्तू यांनी माणूस जवळचा होतो. मेंदी, शाळेचे दप्तर, आणि ठाणे-दिवा पट्ट्यात रुळांवर तर खिशात वाजणारा फोन, ज्याच्या स्क्रीनवर ‘आई’ असे नाव. तो फोन मृतदेह उचलणाऱ्याने घ्यायचा नाही, पंचनामा करणाऱ्या पोलिसाकडे द्यायचा. मृतदेह लवकर झाकायचा, वस्तूंची नोंद करणारा आणि उचलणारा एक असू नये, नवख्याबरोबर जुना माणूस द्यायचा आणि पाळ्या छोट्या ठेवायच्या. नाकाला बाम किंवा कापूर लावतात, पण नंतर घरात त्याच वासाने तो प्रसंग उभा राहू शकतो, हे सांगून ठेवावे.

महिन्याने भेटायचे तर नावे लागतात. जवानांचे आणि सिस्टरांचे हजेरीपट असतात. १०८ सेवा २०१४ मध्ये ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली ती ठेकेदारामार्फत, त्यामुळे तिचे डॉक्टर आणि पायलट (चालक) महापालिकेच्या कोणत्याच यादीत नसतात. शवागारातले हमाल, रोजंदारीचे सफाई कामगार, बोलावून आणलेला जेसीबीचालक यांचे तर नावही कोणी लिहीत नाही, आणि ढिगाऱ्यातला हात बहुधा पहिल्यांदा त्या जेसीबीचालकालाच दिसतो. घटनास्थळाच्या नियंत्रण कक्षात त्याच संध्याकाळी एक वही उघडावी : नाव, मोबाइल, काय काम केले, किती तास. शेवटच्या रकान्यात तीस दिवसांनंतरची तारीख आणि फोन कोण करणार त्याचे नाव. प्रत्येकाला निघताना टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चिठ्ठीवर लिहून द्यावा. तो मोफत आहे आणि मराठीत बोलता येते.