अफिएमी (बायबलमधील ग्रीक क्रियापद)

अफिएमी : ‘सोडणे’ हा मूळ अर्थ असलेले ग्रीक क्रियापद. बायबलच्या नव्या करारात, म्हणजे येशू आणि त्याच्या शिष्यांविषयीच्या भागात, ते १४० हून अधिक वेळा आले आहे. त्यांतली बहुतेक स्थळे येशूचे चरित्र सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांत (मत्तय, मार्क, लूक, योहान) असून एकट्या मत्तयात ४७ आहेत. ख्रिस्ती परंपरेत या शब्दाची ओळख ‘पापांची क्षमा करणे’ या अर्थाने आहे. प्रत्यक्षात निम्म्याहून कमी ठिकाणीच तो अर्थ लागू पडतो. उरलेल्या ठिकाणी कोळी जाळी सोडतात, ताप रुग्णाला सोडतो, नवरा बायकोला सोडतो, शिष्य गुरूला सोडून पळतात आणि क्रुसावरचा येशू प्राण सोडतो. या सगळ्यासाठी ग्रीकमध्ये एकच क्रियापद आहे.

‘अपो’ (पासून, दूर) हा उपसर्ग आणि ‘हिएमी’ (धाडणे, फेकणे) हा धातू यांच्या संधीतून हा शब्द झाला. धातूच्या आरंभीचा हकार मागच्या ‘प’मध्ये मिसळून ‘फ’ होतो. प्राचीन ग्रीकमधला हा फ मराठी ‘फळ’मधल्या फ सारखा, म्हणजे महाप्राण प होता. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसच्या आयोनी बोलीत हकारच नसल्यामुळे तिथे ‘अपिएमी’ असे रूप दिसते. यापासून झालेले नाम ‘अफेसिस’, म्हणजे सोडणे, सुटका, मोकळीक.

बायबलच्या आधीच्या ग्रीकमध्ये या शब्दाला धार्मिक वास नव्हता. भाला किंवा बाण सोडणे, गुलामाला मोकळे करणे, जहाज हाकारणे, रडू किंवा आरोळी बाहेर पडू देणे, हे त्याचे नेहमीचे उपयोग. ऑलिंपियाच्या शर्यतीत घोडे जिथून सुटत त्या जागेला अफेसिस म्हणत. ‘आरोप सोडून देणे’ हा कोर्टकचेरीचा अर्थही जुनाच आहे. बंडखोर हिस्तिआयोसला जिवंतपणी पर्शियाच्या दरायस राजापुढे नेले असते तर राजाने त्याचा अपराध सोडून दिला असता, असे हेरोडोटस लिहितो, तेव्हा तो हेच क्रियापद वापरतो. पण बायबलच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचा ठरला तो महसुलाचा अर्थ. इ. स. पू. १९६ मधल्या रोझेटा शिलालेखात इजिप्तचा राजा पाचवा टॉलेमी याची स्तुती करताना म्हटले आहे, की प्रजेकडे थकलेली राजाची देणी त्याने सोडून दिली. तिथे ‘देणी’साठी ‘ओफेइलेमाता’ आणि ‘सोडली’साठी ‘अफेकेन’ हे शब्द आहेत. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या प्रभूच्या प्रार्थनेत, म्हणजे येशूने शिष्यांना शिकवलेल्या प्रार्थनेत, हीच जोडी भेटते. कर्जमाफीची घोषणा ऐकत आलेल्या महाराष्ट्रातल्या वाचकाला या शब्दाचा मूळ परिसर वेगळा समजावून सांगायला नको.

इ. स. पू. तिसऱ्या-दुसऱ्या शतकांत हिब्रू धर्मग्रंथांचे ग्रीक भाषांतर (सेप्टुआजिंट) झाले, तेव्हा भाषांतरकारांनी हा शब्द अनेक हिब्रू शब्दांसाठी वापरला. त्यांतले काही शब्द देवाच्या क्षमेचे आहेत. लेवीय ४:२० मध्ये पापार्पणानंतर ‘त्यांना क्षमा होईल’ असे म्हणताना ‘सालाख’ या हिब्रू धातूच्या जागी अफिएमी येते. दुसरा शब्द ‘नासा’, म्हणजे उचलणे, वाहून नेणे. बत्तिसाव्या स्तोत्राच्या पहिल्या ओळीत ज्याचा अपराध ‘उचलला गेला’ तो धन्य, असे हिब्रूत आहे. ग्रीकमध्ये अपराध ‘सोडले गेले’. मूळचे ओझ्याचे चित्र भाषांतरात हिशेबाकडे सरकले. योसेफाचे भाऊ बाप मेल्यावर घाबरून त्याच्यापुढे गयावया करतात (उत्पत्ती ५०:१७), तिथेही हीच दोन क्रियापदे समोरासमोर आहेत.

खरी गंमत नियमशास्त्राच्या आर्थिक भागात आहे. ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या १५ व्या अध्यायात दर सातव्या वर्षी देणेकऱ्यांची कर्जे सोडण्याची आज्ञा आहे. हिब्रूत त्याला ‘श्मिट्टा’ म्हणतात. ग्रीक भाषांतर सांगते, ‘अफेसिस कर’, आणि लगेच पुढे, ‘तुझे येणे असलेले प्रत्येक कर्ज सोड’. लेवीय २५ मधल्या पन्नासाव्या, म्हणजे योबेलच्या वर्षी गहाण गेलेल्या जमिनी मूळ घराण्याकडे परतायच्या आणि ऋणापायी बांधले गेलेले लोक घरी जायचे. त्या मुक्तीलाही अफेसिस हाच शब्द. म्हणजे ग्रीक बायबल वाचणाऱ्या यहुद्याच्या कानाला हा शब्द देवळातल्या अर्पणाचा होता आणि सावकाराच्या वहीचाही. आज्ञा असली तरी सातवे वर्ष जवळ आले की लोक कर्ज देईनासे होत. म्हणून हिल्लेल या धर्मगुरूने प्रोझबूल नावाची तोड काढली, असे मिश्ना हा यहुदी धर्मनियमांचा संग्रह सांगतो. धनको आपली येणी न्यायसभेकडे सोपवून ती सातव्या वर्षी बुडण्यापासून वाचवू शके. सोडण्याची आज्ञा पाळणे किती जड जात होते याचा हा पुरावाच म्हणायचा.

मक्काबींच्या पहिल्या पुस्तकातल्या एका पत्राकडे अभ्यासकही पुरेसे पाहत नाहीत असे वाटते. सिरियातल्या सेल्युकी घराण्याचा राजा दुसरा देमेत्रियस यहुद्यांना लिहितो, ‘आजपर्यंतच्या चुका आणि अपराध आम्ही सोडतो, आणि तुमच्याकडे देणे असलेला मुकुटकरही’ (१३:३९). अपराध आणि कर दोन्ही एकाच क्रियापदाच्या पोटात. धर्म आणि महसूल अशी फारकत ती भाषा करत नव्हती.

येशू आणि त्याचे ऐकणारे घरात ग्रीक बोलत नसत; त्यांची भाषा अरामी. अरामीत ‘होबा’ म्हणजे कर्ज आणि पापही, तर ‘श्बक’ म्हणजे सोडणे, मागे टाकणे आणि माफ करणे. सिरियाक (अरामीची एक बोली) बायबलमध्ये प्रभूच्या प्रार्थनेत याच धातूचे रूप आहे. क्रुसावरच्या ‘एलोई, एलोई, लमा सबख्थनी’ या आक्रोशात जे क्रियापद आहे, तेही हेच : ‘तू मला का सोडलेस?’ देवाकडे कर्ज सोडायला सांगणारा आणि देवाने आपल्याला सोडले म्हणून ओरडणारा अरामीत एकच धातू उच्चारतो. ग्रीक लेखकांनी मात्र इथे अफिएमी न घेता ‘त्यागणे’ या अर्थाचे दुसरे, अधिक जोरकस क्रियापद निवडले, त्यामुळे हा धागा ग्रीकमध्ये तुटला.

प्रभूच्या प्रार्थनेची दोन रूपे या बाबतीत पाहण्यासारखी आहेत. मत्तय ६:१२ मध्ये ‘आमची ऋणे सोड’ असे थेट हिशेबी वाक्य आहे. लूक ११:४ मध्ये पूर्वार्धात ‘पापे’ हा शब्द येतो, बहुधा अरामी वळण न जाणणाऱ्या वाचकांसाठी. पण उत्तरार्धात ‘आमच्या प्रत्येक देणेकऱ्याला’ हे शब्द तसेच राहिले आहेत. काळाचाही फरक आहे. मत्तयाच्या जुन्या हस्तलिखितांत ‘जसे आम्ही सोडले आहे’ असे भूतकाळी रूप आहे. लूकमध्ये आणि मत्तयाच्या नंतरच्या बायझंटाईन पाठात ‘सोडतो’. ‘सोडले आहे’ या पाठात माणसाने आधी सोडायचे आणि मग मागायला यायचे, असा अर्थ निघतो. हा मुद्दा चर्चच्या इतिहासात बऱ्याच जणांना अडचणीचा वाटला. मत्तय स्वतः मात्र तो सौम्य करत नाही. प्रार्थना संपताच पुढच्या दोन वचनांत तो अट म्हणून पुन्हा सांगतो.

याच अटीवर मत्तय १८ मधला दाखला उभा आहे. राजाचा एक चाकर दहा हजार तालान्त देणे लागत होता. एका तालान्ताचे साधारण सहा हजार दीनार, आणि दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. तेव्हा देणे झाले सहा कोटी दिवसांच्या मजुरीचे. राजा कळवळून ते सोडतो. बाहेर पडताच हा चाकर शंभर दीनार देणे असलेल्या सोबत्याचा गळा धरतो. दोन रकमांचे प्रमाण सहा लाखांस एक. दाखला पेत्र (म्हणजेच शिमोन) या शिष्याच्या प्रश्नाला उत्तर म्हणून आला आहे, ‘भावाला किती वेळा क्षमा करू, सात वेळा का?’ प्रश्नातले क्रियापद आणि कर्जाबद्दलचे क्रियापद एकच असल्यामुळे क्षमेवरून कर्जावर उडी मारताना कथेला एकही सांधा जोडावा लागत नाही.

क्षमेपलीकडच्या अर्थांत मार्कची लेखणी सर्वांत सूचक आहे. पहिल्याच अध्यायात शिमोन आणि अंद्रिया ‘जाळी सोडून’ येशूमागे जातात, याकोब आणि योहान बापाला नावेत सोडतात, आणि थोड्या वचनांनंतर ताप शिमोनाच्या सासूला सोडतो. दुसऱ्या अध्यायात पक्षाघाती माणसाची पापे सुटतात. दहाव्यात पेत्र म्हणतो, ‘आम्ही सर्व सोडले आहे.’ चौदाव्यात गेथशेमानेच्या बागेत येशूला धरल्यावर ‘त्याला सोडून सगळे पळाले’ असे वाक्य आहे, आणि त्यातले रूप जाळ्यांच्या वाक्यातलेच, ‘अफेन्तेस’. मार्कने हे जाणूनबुजून केले की शब्द रोजचा म्हणून आपोआप आला, यावर मतभेद असू शकतात. मला ते जाणीवपूर्वक वाटते, कारण मार्क इतरत्रही शब्दांचे असे पडसाद ठेवतो. मत्तय २७:५० मध्ये येशू ‘आत्मा सोडतो’. मार्क १५:३७ मध्ये शेवटची मोठी आरोळी ‘सोडून’ तो प्राण सोडतो.

‘करू देणे’ हा आणखी एक मोठा गट. ‘लेकरांना माझ्याकडे येऊ द्या’ (मार्क १०:१४), येशूने कबरेतून उठवलेल्या लाजाराबद्दलचे ‘त्याला मोकळे करा आणि जाऊ द्या’ (योहान ११:४४), गहू आणि निदण ‘कापणीपर्यंत बरोबर वाढू द्या’ (मत्तय १३:३०), ही ठळक उदाहरणे. याच गटातल्या ‘अफेस’ या आज्ञार्थी रूपाला पुढे वेगळेच आयुष्य लाभले. मत्तय ७:४ मधले ‘थांब, तुझ्या डोळ्यातले कुसळ काढू दे’ किंवा २७:४९ मधले ‘थांबा, पाहू या’ यांत ते क्रियापद राहिलेले नाही, ‘चला, असे करू’ म्हणणारे अव्यय होऊ लागले आहे. आजच्या ग्रीकमध्ये ते झिजून नुसते ‘अस’ उरले : ‘अस पामे’, चला जाऊ या. मूळ क्रियापदही ‘अफिनो’ या रूपात ‘सोडणे, ठेवणे’ या अर्थाने रोजच्या बोलण्यात आहे.

आद्य ख्रिस्ती प्रचारक पौल याच्या पत्रांत हा शब्द जवळजवळ नाही, हे अनेकांना आश्चर्याचे वाटते. क्षमेच्या अर्थाने रोम ४:७ मध्ये तो येतो, तेही बत्तिसाव्या स्तोत्राच्या अवतरणात. स्वतःच्या शब्दांत क्षमा सांगताना पौल ‘खारीझोमाय’ हे कृपेशी नाते असलेले क्रियापद घेतो. अफिएमी तो वापरतो ते मुख्यतः घटस्फोटाच्या संदर्भात : १ करिंथ ७:११-१३ मध्ये पतीने पत्नीला सोडू नये, आणि विश्वास न ठेवणारा पती राहायला तयार असेल तर पत्नीने त्याला सोडू नये. पत्नीच्या बाजूनेही तेच क्रियापद वापरले आहे, हे घटस्फोट सहसा पतीनेच द्यायचा या त्या काळच्या यहुदी रिवाजाच्या पार्श्वभूमीवर लक्षात घ्यावे. करिंथ हे रोमी वसाहतीचे शहर होते आणि रोमी कायद्यात स्त्रीला काडीमोड घेता येत असे.

दोन ठिकाणी पाठभेद महत्त्वाचे आहेत. मार्क २:५ मध्ये काही हस्तलिखितांत ‘तुझी पापे सुटत आहेत’ असा वर्तमानकाळ, तर काहींत ‘सुटली आहेत’ असे पूर्णत्वाचे रूप आहे. लूक २३:३४ मधले ‘हे बापा, त्यांना क्षमा कर’ हे प्रसिद्ध वाक्य पी ७५ हा पपायरस आणि व्हॅटिकन ग्रंथालयातले हस्तलिखित यांसारख्या जुन्या प्रतींत नाही. आधुनिक संपादक ते कंसात छापतात.

प्रवचनांत या शब्दाचे सगळे अर्थ एकाच वचनात ओतण्याची सवय आढळते. ‘क्षमा करणे म्हणजे पापाला घटस्फोट देणे, बाणासारखे दूर फेकणे’ अशा व्युत्पत्ती ऐकायला गोड लागतात, पण वाक्यात शब्दाचा अर्थ संदर्भाने ठरतो, उपसर्गाने नव्हे. ब्रिटिश अभ्यासक जेम्स बार यांनी १९६१ मध्ये बायबल-अभ्यासातल्या नेमक्या याच प्रकारावर कडक टीका केली होती. कर्जाचा संबंध मात्र या टीकेतून सुटतो, कारण तो व्युत्पत्तीतून काढलेला नाही, मजकुरातच लिहिलेला आहे.

मराठी भाषांतरकारांना हे क्रियापद इतरांपेक्षा सोपे जायला हवे होते. लॅटिन भाषांतराला जाळी, लेकरे आणि कर्ज यांसाठी तीन वेगळी क्रियापदे घ्यावी लागली. मराठीत जाळी, ताप, कर्ज, बाण, प्राण आणि बायको ही सगळी ‘सोडतात’. काडीमोडाच्या कागदाला आपण सोडचिठ्ठीच म्हणतो. विल्यम केरी यांच्या सेरामपूर छापखान्यातून १८११ मध्ये मराठी नवा करार निघाला. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीक शिकून केलेले संपूर्ण बायबलचे भाषांतर त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रचलित मराठी बायबलमध्ये मत्तयातली प्रार्थना ‘ऋणे सोड’ अशीच आहे. पण पापापाशी गाडी अडते. मराठीत ‘पाप सोडणे’ म्हणजे पाप करायचे थांबवणे, आणि ते पाप्याने करायचे असते. त्यामुळे तिथे ‘क्षमा करणे’ हा संस्कृत शब्द घ्यावा लागतो. मत्तय १८ मध्ये पेत्र भावाला ‘क्षमा’ करण्याचे विचारतो आणि राजा कर्ज ‘सोडतो’, तेव्हा ग्रीकमध्ये एक असलेले क्रियापद मराठी वाचकाला दोन म्हणून भेटते.