केमिस्ट्री आणि बायोकेमिस्ट्री (विद्यापीठीय शिक्षण)

बीएस्सी केमिस्ट्री म्हणजे ऑर्गॅनिक, इनऑर्गॅनिक, फिजिकल आणि अ‍ॅनालिटिकलचे पेपर, सोबत प्रॅक्टिकल, हे बहुतेकांना ठाऊक असतं. खरा वाद आहे तो बायोकेमिस्ट्री, म्हणजे सजीवांमधल्या रासायनिक क्रियांचा अभ्यास, विद्यापीठात वेगळा विषय म्हणून कधी उभी राहिली आणि ती मुळात केमिस्ट्रीची की मेडिकलची, यावर.

सगळ्यात जुना दावा जर्मनीतल्या ट्यूबिंगेनचा. तिथे १८४५ च्या सुमारास रसायनशास्त्रज्ञ श्लॉसबर्गर यांच्यासाठी या विषयाचं वेगळं प्राध्यापकपद तयार झालं, लॅब होती होहेनट्यूबिंगेन किल्ल्याच्या जुन्या स्वयंपाकघरात, आणि पुढे हॉप-झायलर तिथे प्राध्यापक असताना १८६९ मध्ये त्यांच्या लॅबमधल्या मीशर यांनी जखमांच्या पट्ट्यांवरच्या पुवातल्या पेशींमधून न्यूक्लिन वेगळं काढलं, म्हणजे आज आपण ज्याला डीएनए म्हणतो ते. काही अभ्यासक मात्र सुरुवात १८७२ पासून धरतात, कारण तेव्हा हॉप-झायलर स्ट्रासबर्गला गेले आणि १८७७ मध्ये त्यांनी या विषयाचं स्वतंत्र जर्नलही काढलं. दोन्ही बाजूंत तथ्य आहे, पण ट्यूबिंगेनची बाजू जास्त पटते: तिथला विषय १८६३ मध्ये मेडिकलबाहेर, नव्या विज्ञान फॅकल्टीत आला, स्ट्रासबर्गला तो मेडिकल फॅकल्टीत होता. १८९७ मध्ये रसायनशास्त्रज्ञ बुखनर यांनी यीस्टच्या जिवंत पेशींशिवाय, नुसत्या रसाने साखर आंबवून दाखवली, ते काम प्रसिद्ध झालं तेव्हा तेही ट्यूबिंगेनलाच होते. ब्रिटनमध्ये लिव्हरपूलला १९०२ मध्ये आणि केंब्रिजला १९१४ मध्ये प्राध्यापकपद आलं.

भारतात बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधला विभाग सर्वात जुन्यांपैकी, त्याचं साल सहसा १९२१ देतात. कमला सोहोनी (माहेरच्या भागवत, दुर्गा भागवतांची बहीण, जन्म १९११, काही ठिकाणी १९१२) मुंबई विद्यापीठातून केमिस्ट्री-फिजिक्स घेऊन १९३३ मध्ये बीएस्सी झाल्या, त्यांचे वडील आणि काका दोघंही केमिस्ट. तरी बंगलोरला संचालक सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला, त्या हटून बसल्या, मग एक वर्षाच्या अटीवर घेतलं आणि त्यांचं काम बघून पुढच्या मुलींना दार उघडलं. हा अन्यायच होता आणि तो तसाच नोंदवायला हवा. नंतर केंब्रिजमध्ये त्यांनी बटाट्यात सायटोक्रोम सी (पेशींच्या श्वसनात काम करणारं प्रोटीन) शोधून १९३९ मध्ये पीएचडी मिळवली. त्यांना विज्ञानातल्या पहिल्या भारतीय महिला डॉक्टरेट म्हणतात ते जरा जपून घ्यावं, कारण जानकी अम्माळ यांना मिशिगनची डॉक्टरेट १९३१ मध्येच मिळाली होती, वनस्पतिशास्त्रात. पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत बायोकेमिस्ट्री शिकवताना सोहोनींनी विद्यार्थ्यांकडून नीरा, डाळी अशा गरिबांच्या आहारातल्या पदार्थांवर काम करून घेतलं, आणि विषय कशासाठी शिकवायचा याचं इतकं चांगलं उदाहरण क्वचितच सापडेल.

आजच्या अभ्यासक्रमात प्रोटीन, एन्झाइम कायनेटिक्स, म्हणजे एन्झाइमच्या क्रियेचा वेग (१९१३ चं मिकॅलिस-मेंटेन समीकरण), मेटाबॉलिझम आणि लॅबमध्ये बेनेडिक्ट (साखरेची चाचणी), बाययुरेट आणि लॉरी (प्रोटीनच्या चाचण्या), जेल (रेणू वेगळे करायची पद्धत) हे नेहमीचंच. महाराष्ट्रात बरेच जण केमिस्ट्रीत बीएस्सी करून एमएस्सीला बायोकेमिस्ट्रीकडे वळतात. विषयाचं घर कुठलं हा जुना प्रश्न परीक्षांतही उरलाय: सीएसआयआर नेटला (संशोधन फेलोशिप आणि प्राध्यापकपदासाठीची परीक्षा) बायोकेमिस्ट्री लाइफ सायन्सेसमध्ये मोडते, केमिकल सायन्सेसमध्ये नाही, पण गेटच्या (पदव्युत्तर प्रवेशासाठीची राष्ट्रीय परीक्षा) लाइफ सायन्सेस पेपरात केमिस्ट्रीचा भाग सक्तीचा आणि बायोकेमिस्ट्रीचा ऐच्छिक असतो.