ठेकेदार पळाला म्हणून पगार बुडत नाही

चाकण, भोसरी, हिंजवडीत वर्षानुवर्षं एक समज पक्का बसलाय: कामगार ठेकेदाराचा, त्यामुळे ठेकेदार पैसे न देता गायब झाला तर कंपनीचा काही संबंध नाही. बिहार, झारखंड किंवा मराठवाड्यातून आलेल्या पोरांना हे गेटवरच ऐकवलं जातं. हे साफ चुकीचं आहे.

१९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यातच लिहिलं होतं की ठेकेदारानं वेतन थकवलं तर ते मूळ मालकानं, म्हणजे ज्याच्या आवारात काम चालतं त्यानं द्यायचं आणि नंतर ठेकेदाराकडून वसूल करायचं. पगारवाटपाच्या वेळी मूळ मालकाचा प्रतिनिधी हजर असणंही बंधनकारक होतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या कामगार संहिता लागू झाल्या, तरी थकीत वेतनाची ही जबाबदारी कायम आहे. ईएसआयच्या, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याच्या, वर्गणीचंही तसंच: आधी मूळ मालक भरतो, मग ठेकेदाराकडून घेतो.

‘बाहेरचा आहे, त्याला कमी चालतं’ हेही खोटं. किमान वेतन कामावरून आणि कौशल्यावरून ठरतं, आधार कार्डावरच्या गावावरून नाही.

मात्र हक्क सांगायला पुरावा लागतो, आणि नेमका तोच या मुलांकडे नसतो. गेटपास, हजेरीचे फोटो, बँकेतल्या नोंदी, ठेकेदाराचे मेसेज, सगळं जपून ठेवा. तक्रार पुण्याच्या अपर कामगार आयुक्त कार्यालयात लेखी द्या, त्यात ठेकेदाराबरोबर कंपनीचंही नाव घाला आणि पोच घ्यायला विसरू नका.