जास्वंदीची कळी का गळते?

गळलेली जास्वंदीची कळी फेकून देण्याआधी एकदा हातात घेऊन तिचा देठ बघा. तुटलेलं टोक कुठेही फाटलेलं नसतं, ब्लेडने कापल्यासारखं स्वच्छ असतं. आता झाडावरची एखादी धडधाकट कळी बघा. तिच्या देठावर, कळीच्या थोडंसं खाली, बोटाच्या पेरासारखी एक बारीक गाठ दिसेल. कळी गळते ती नेमकी तिथून. ती झाडाने स्वतः सोडलेली असते.

त्या गाठीत पेशींचा एक पातळ थर असतो. वाढती कळी ऑक्झिन नावाचं संप्रेरक तयार करून देठातून खाली पाठवत राहते आणि ते येतंय तोवर हा थर घट्ट राहतो. कळीला कीड लागली, मुळांना पाणी कमी पडलं, झाडाचं अन्न पुरेनासं झालं की ऑक्झिनचा ओघ आटतो आणि इथिलीन वायूचं पारडं जड होतं. आंब्याच्या अढीत फळं पिकवणारा तोच हा इथिलीन. त्याच्या इशाऱ्यावर थरातल्या पेशी विकरं सोडतात आणि पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणारं पेक्टिन विरघळतं. (पेरूची जेली ज्याच्यामुळे थिजते, तेच पेक्टिन.) सांधा सुटतो, कळी खाली येते. जेवढ्या पोसता येतील तेवढ्याच कळ्या झाड ठेवतं, म्हणून कळीवर औषध मारण्याआधी झाडाला काय कमी पडतंय ते शोधावं.

पुण्यात याचा मोसम मार्च ते मे. दुपारी पारा चाळिशीला टेकतो, हवा कोरडी ठणठणीत. माझी गॅलरी पश्चिमेची. दोन उन्हाळे मी खतं बदलून पाहिली, कळ्या पडतच राहिल्या. मग एका दुपारी तीन वाजता काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीला हात लावला तर चटका बसला. पाणी ओढणारी कोवळी पांढरी मुळं कुंडीच्या कडेलाच जास्त असतात, आणि ती रोज भाजून निघत होती. कुंडीभोवती ओलं गोणपाट गुंडाळलं, मातीवर सुक्या पाचोळ्याचा जाड थर दिला, पाणी सकाळी सातच्या आत घालायला लागलो. पंधरवड्यात फरक दिसला. ऊन मात्र तोडू नका. जास्वंदीला पाच-सहा तास थेट ऊन हवंच, नाहीतर झाड नुसतं पानांनी भरतं.

पाणी घालण्याआधी बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत खुपसा. कोरडं लागलं तरच घाला, आणि घालाल तेव्हा खालच्या भोकातून वाहेपर्यंत घाला. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नका. पाण्यात बुडालेल्या मुळांना प्राणवायू मिळत नाही आणि तहानलेल्या झाडासारख्याच त्याही झाडाच्या कळ्या गळतात. त्यामुळे कळ्या पडल्या की आणखी पाणी, हा नेहमीचा उपाय पुष्कळदा उलटतो.

दुसरं कारण फुलकिडे. पडलेली कळी नखाने सोलून पांढऱ्या कागदावर झटका. सुईच्या टोकाएवढे, पिवळट-तपकिरी, लांबट जीव पळताना दिसले तर तेच. कळीच्या आत राहून ते पाकळ्या खरवडतात आणि रस शोषतात, म्हणून वरून फवारलेलं त्यांच्यापर्यंत पोचत नाही. पडलेल्या कळ्या रोज गोळा करून पिशवीत बांधून टाकणं हा त्यावरचा साधा आणि खरा उपाय.

पिठ्या ढेकूण तर सगळ्यांच्या ओळखीचा. शेंड्यांवर कापसासारखे पांढरे पुंजके, आणि खोडावरून वर-खाली मुंग्यांची रांग. ढेकूण रस पिऊन गोड चिकटा सोडतो, मुंग्या तो चाटतात आणि बदल्यात त्याच्या शत्रूंना हाकलतात. आधी मुंग्यांची वाट तोडा, मग पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने शेंडे धुवा. राहिलेल्यांना स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या बोळ्याने पुसा. पण पुसण्याआधी नीट बघा. त्या पुंजक्यांत एखादा पुंजका जरा मोठा, झिपऱ्या केसांचा आणि भरभर चालणारा असेल, तर त्याला हात लावू नका. ती क्रिप्टोलीमस या ढालकिड्याची (लेडीबर्डची) अळी, पिठ्या ढेकूणच खाते. कॉफीवरच्या खवलेकिडीचा बंदोबस्त करायला 1898 मध्ये हा कीटक ऑस्ट्रेलियातून भारतात आणला होता. शत्रूसारखा दिसतो म्हणून घरोघरी तो चिरडला जातो, याचं फार वाईट वाटतं.

पानं पिवळी पडली तर कोणती, ते बघा. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर झाडाला लोह मिळत नाहीये. उपनगरांत बोअरच्या आणि टँकरच्या जड पाण्यावर वाढणाऱ्या झाडांत हे हमखास दिसतं. त्या पाण्यातले क्षार माती अल्कधर्मी करतात, आणि तशा मातीत लोह असलं तरी मुळांना उचलता येत नाही. अशा कुंडीत अंड्याची टरफलं घालणं म्हणजे चुन्यात चुना. दूध-साखरेचा चहाचा चोथाही नको, मुंग्यांना आमंत्रण होतं. चांगलं मुरलेलं शेणखत किंवा गांडूळखत महिन्याला दोन मुठी, आणि गरज पडली तर चिलेटेड लोह (अशा मातीतही मुळांना उचलता येईल अशा रूपातलं लोह), एवढं पुरतं.

जास्वंद फुलते नव्या फुटव्यांवर. जुन्या लांबलचक फांद्या जपणारे लोक फुलांना मुकतात. शिवरात्रीला थंडी 'शिव शिव' म्हणत गेली की फांद्यांचा वरचा एक तृतीयांश भाग छाटा. शेंडा गेला की तिथून खाली येणारं ऑक्झिन थांबतं आणि बगलेतले झोपलेले डोळे फुटतात. गणपतीत फुलं हवी असतील तर जूनच्या पहिल्या सरींना नुसते शेंडे खुडा. पहाटे उमललेलं फूल खुडलं तरी पाण्याविना संध्याकाळपर्यंत ताजं राहतं, कारण त्याचं आयुष्यच एका दिवसाचं. मूर्तीवर वाहायला म्हणूनच ते इतकं सोयीचं.

आपल्या देशी लाल जास्वंदीला बी क्वचितच धरतं. 1753 मध्ये लिनियसने तिला चीनचा गुलाब अशा अर्थाचं नाव दिलं, पण रानात आपोआप उगवलेली ती कुठेच आढळलेली नाही. माणसाच्या हातून, फांदीवरून फांदी, अशीच ती पसरली. पावसाळ्यात पेन्सिलीच्या जाडीची वीतभर फांदी डोळ्याच्या खाली तिरकी कापून, खालची पानं काढून ओल्या मातीत खोचली की महिन्या-दीड महिन्यात रुजते. मोठ्या फुलांच्या संकरित जाती एवढ्या सहज लागत नाहीत, त्यांची बहुधा कलमं करतात.

माझी लाल जास्वंद सदाशिव पेठेतल्या मावशीच्या वाड्यातली. वाडा पाडायच्या आदल्या पावसाळ्यात मावशीने फांदी कापून ओल्या फडक्यात बांधून दिली. जनुकांच्या हिशेबाने गॅलरीतलं हे झाड नवं नाहीच, आडाजवळ उभं होतं तेच आहे. येत्या जुलैत त्याच्या दोन फांद्या शेजारच्या काकूंना द्यायच्यात. त्यांची गॅलरी पूर्वेची आहे, दुपारचं ऊन लागत नाही. तिथे कळ्या टिकतील.