सिंथेसायझर मॉड्यूल, उत्पादनबाह्य

स्वतःचा कळफलक नसलेले, बाहेरून येणाऱ्या सूचनांवर वाजणारे आणि निर्मात्याने ज्याचे उत्पादन थांबवले आहे असे इलेक्ट्रॉनिक वाद्य. बहुतेक मॉड्यूल्स १९ इंची रॅकमध्ये एक किंवा दोन घरे व्यापतात (एका घराची उंची ४४.४५ मिमी.), काही टेबलावर ठेवण्याजोगी असतात. तारांनी जोडायच्या मॉड्युलर सिंथेसायझरमधील सुट्या घटकांचा विचार येथे केलेला नाही.

उगम : कळफलकाविना सिंथेसायझर विकण्याची कल्पना मूळची कोणाची, याविषयी एकमत नाही. एक पक्ष टॉम ओबरहाइम यांच्या १९७४ च्या ‘सिंथेसायझर एक्स्पांडर मॉड्यूल’ला अग्रमान देतो. वादकाकडे आधीच असलेल्या मिनीमूगसारख्या वाद्याला जोड द्यावी, किंवा सीक्वेन्सरने (स्वरक्रम साठवून आपोआप वाजवणाऱ्या यंत्राने) हे मॉड्यूल वाजवत ठेवून मुख्य वाद्य हातांसाठी मोकळे ठेवावे, असा त्यामागचा हेतू होता. रोलँडच्या सिस्टिम-१०० मालिकेतील १०२ क्रमांकाचा एक्स्पांडरही साधारण त्याच काळातला. मात्र ही यंत्रे विद्युतदाबावर चालत आणि त्या दाबाची भाषा सर्व कंपन्यांची एक नव्हती. मूग, रोलँड आदी कंपन्या दर सप्तकास एक व्होल्ट हे माप पाळत, तर कॉर्ग आणि यामाहा यांच्या त्या काळच्या अनेक वाद्यांत दाब थेट कंप्रतेच्या प्रमाणात वाढे. एकाचा कळफलक दुसऱ्याच्या मॉड्यूलला लावला की सूर हमखास चुकत.

दुसऱ्या पक्षाच्या मते मॉड्यूलचा खरा जन्म मिडी या, वाद्यांना एकमेकांशी जोडणाऱ्या संदेशप्रणालीनंतरचा. सीक्वेन्शल सर्किट्स या कंपनीचे डेव्ह स्मिथ यांनी १९८१ मध्ये तिचा पूर्वावतार ध्वनिअभियंत्यांपुढे मांडला. रोलँडचे इकुतारो काकेहाशी यांचाही तिच्या घडणीत मोठा वाटा होता. जानेवारी १९८३ मध्ये सीक्वेन्शलचे प्रॉफेट-६०० आणि रोलँडचे ज्युपिटर-६ ही वाद्ये एकमेकांना जोडून दाखवण्यात आली आणि त्याच वर्षी प्रणालीचा तपशील प्रसिद्ध झाला. पुढच्या वर्ष-दोन वर्षांत रोलँड एमकेएस-८०, कॉर्ग ईएक्स-८००, ओबरहाइम एक्स्पांडर आणि यामाहा टीएक्स८१६ ही मॉड्यूल्स आली. शेवटच्यात आठ कार्डे असत आणि प्रत्येक कार्ड म्हणजे आवाजापुरता एक अख्खा डीएक्स७ (यामाहाचा कळफलक असलेला सिंथेसायझर). जाहिरातीचे वर्ष वेगळे आणि दुकानात माल येण्याचे वेगळे, त्यामुळे या चौघांचा क्रम लावत बसण्यात अर्थ नाही. येथे दुसरे मत अधिक ग्राह्य धरले आहे, कारण कोणत्याही कंपनीचे मॉड्यूल कोणत्याही कळफलकाला चालू लागले ते मिडीमुळेच. चार दशकांपूर्वीचे मॉड्यूल आजच्या संगणकाशी बोलू शकते, तेही त्यामुळेच.

ऱ्हास : १९९६ मध्ये श्टाइनबेर्गने व्हीएसटी हे, संगणकावरील संगीत-कार्यक्रमांना पूरक सॉफ्टवेअर जोडण्याचे मानक आणले आणि १९९९ च्या आवृत्तीपासून त्यात सॉफ्टवेअर-वाद्येही बसू लागली. त्यानंतर मॉड्यूलची मागणी ओसरली. जुलै २००६ पासून युरोपीय संघात शिसेयुक्त सोल्डरवर निर्बंध आल्याने काही उरलीसुरली मॉडेल्सही बंद पडली, असे सांगितले जाते. मूळ कारण मात्र सॉफ्टवेअर हेच.

क्षमतेचे आकडे : माहितीपत्रकातील स्वरसंख्या जपून वाचावी लागते. रोलँड एमटी-३२ (१९८७) मध्ये ३२ ‘पार्शल’ (आवाज घडवणारे ध्वनिघटक) आहेत, पण एका आवाजाला एक ते चार पार्शल लागतात. भरदार आवाज निवडला की एका वेळी आठच स्वर हाती उरतात. जेव्ही-१०८० (१९९४) चे ६४ स्वरही चार थरांच्या आवाजात १६ वर येतात. क्षमता संपली की आधीचे स्वर मध्येच तुटतात. ध्वनिमुद्रणात हे टाळण्यासाठी एकेक भाग वेगळा वाजवून मुद्रित करतात.

मिडीचा वेगही मर्यादित आहे : सेकंदाला ३१,२५० बिट. एका बाइटला ३२० मायक्रोसेकंद, म्हणजे तीन बाइटच्या एका स्वरसंदेशाला जवळजवळ एक मिलिसेकंद लागतो. दहा स्वरांचा मेळ कागदावर एकाच क्षणाचा असला तरी तारेतून एकामागून एक उतरतो.

सिसेक्स आणि एमटी-३२ चा प्रश्न : मॉड्यूलच्या अंतर्गत मेमरीशी थेट व्यवहार करणाऱ्या संदेशांना सिसेक्स म्हणतात. षोडशमान पद्धतीत ते एफ० ने सुरू होतात व एफ७ ने संपतात. मधे कंपनीचा क्रमांक असतो (रोलँड ४१, कॉर्ग ४२, यामाहा ४३). एमटी-३२ हे या व्यवहाराचे सर्वांत चर्चिले गेलेले उदाहरण, कारण १९८० च्या दशकाच्या अखेरीस संगणकीय खेळांचे संगीत त्यासाठी लिहिले जाऊ लागले आणि खेळ सुरू होताना स्वतःचे आवाज मॉड्यूलमध्ये भरू लागला. सुरुवातीच्या एमटी-३२ वर हेडफोनची खाच नाही. ती नंतरच्या घडणीत आली. जुन्या घडणीला सिसेक्स संदेश लागोपाठ पाठवले तर ती गोंधळते आणि पडद्यावर ‘एक्झेक. बफर ओव्हरफ्लो’ अशी ओळ उमटते. दोन संदेशांमध्ये मुद्दाम विराम ठेवावा लागतो. नव्या घडणीत ही अडचण नाही. मग नवी घडणच घ्यावी, असे वाटेल. पण काही खेळांचे आवाज जुन्या घडणीतील दोषांवरच बेतलेले असल्याने ते नवीवर वेगळे ऐकू येतात. शिवाय १९८९ च्या सीएम-३२एल मध्ये ३३ जादा ध्वनिपरिणाम आहेत आणि काही खेळ त्यांच्याविना अपुरे वाजतात. त्यामुळे ‘अस्सल’ आवाजाचा वाद खेळागणिक सोडवावा लागतो. एमटी-३२ मध्ये डाव्या-उजव्या बाजूंचा क्रमही पुढे रूढ झालेल्या संकेताच्या उलट आहे. जुनी फाइल आरशात पाहिल्यासारखी ऐकू आली तर दोष केबलचा नसतो.

देखभाल : वापरकर्त्याने रचलेले आवाज रॅममध्ये (वीज गेली की पुसल्या जाणाऱ्या मेमरीत) असतात आणि वीज बंद असताना त्यांना ३ व्होल्टची लिथियम बॅटरी (बहुधा सीआर२०३२) जगवते. अनेक मॉड्यूल्समध्ये ती थेट सोल्डर केलेली असते. ती काढली की रॅममधले आवाज गेले. म्हणून आधी सिसेक्सने संगणकावर प्रत उतरवावी. डीएक्स७ च्या ३२ आवाजांचा संच ४,१०४ बाइटचा, म्हणजे सव्वा सेकंदाचे काम. काही स्वस्त यूएसबी-मिडी केबल लांब संदेश अर्धवट तोडतात, हे लक्षात घेता प्रत दोनदा उतरवून दोन्ही फाइली बाइटगणिक जुळतात का ते तपासणे शहाणपणाचे. ओबरहाइम मॅट्रिक्स-१००० च्या हजार आवाजांपैकी ८०० रॉममध्ये (कायम राहणाऱ्या मेमरीत) असल्याने त्यांना धोका नाही. धोका उरलेल्या २०० ना. या मॉड्यूलच्या दर्शनी भागावरून आवाज घडवताच येत नाही, त्यासाठी बाहेरचा संपादक-कार्यक्रम लागतो.

पडद्यामागचा प्रकाश कालांतराने मंदावतो (तेथे एलईडी बसवतात), बटणे दाद देईनाशी होतात, कपॅसिटर गळतात. यांवर उपाय आहेत. खरी अडचण एकेका कंपनीपुरत्या बनलेल्या आयसींची (एकात्मिक परिपथांच्या चिपांची). कर्टिसची सीईएम३३४० ही आयसी २०१६ मध्ये पुन्हा निघाली, पण हे भाग्य सर्वांना लाभत नाही. रोलँडची ८००१७ए ही ज्युनो-१०६ मध्ये, तसेच एमकेएस-७ या मॉड्यूलमध्ये आढळणारी चिप याबाबत कुप्रसिद्ध आहे. एका स्वराचा फिल्टर आणि अॅम्प्लिफायर तिच्यात असून वर काळ्या रेझिनचा लेप आहे. वर्षे लोटली की हा लेप थोडी वीज वाहू देतो. तो स्वर करकरतो, किंवा कळ सोडली तरी थांबत नाही. चिप काढून अॅसिटोनमध्ये भिजवायची, मऊ झालेला लेप सोलायचा आणि ती पुन्हा बसवायची, ही दुरुस्ती करणाऱ्यांची रूढ पद्धत. सोलताना बारीक पाय मोडण्याचा संभव असतो.

जपानी बाजारासाठी बनलेली यंत्रे १०० व्होल्टची असतात. त्यांना योग्य ट्रान्सफॉर्मर लागतो. प्लगचा अडॅप्टर पुरत नाही.

प्रतिरूपे : डीएक्स७ साठी डेक्सेड, एमटी-३२ साठी मंट हे मूळ यंत्राचे संगणकावर अनुकरण करणारे मुक्त कार्यक्रम आहेत. कॉर्ग आणि रोलँड यांनी स्वतःही एम१, वेव्हस्टेशन, जेव्ही-१०८० यांच्या सॉफ्टवेअर आवृत्त्या आणल्या. संपूर्ण डिजिटल मॉड्यूलच्या बाबतीत प्रतिरूप मुळाच्या फार जवळ जाते. उरणारा फरक बहुधा शेवटच्या टप्प्यातला, म्हणजे अंकांचे विद्युतलहरीत रूपांतर करणाऱ्या परिपथाचा. पहिल्या डीएक्स७ मधील १२ बिटांच्या रूपांतरकाचा खरखरीतपणा काहींना दोष वाटतो, काही त्याचसाठी जुने यंत्र धरून ठेवतात. मंट चालवण्यास मूळ रॉमची प्रत लागते. उत्पादन थांबले तरी त्या रॉममधील मजकुरावरचा हक्क कंपनीकडेच राहतो, आणि मालकाने आपल्याच यंत्रातून ती उतरवून घेणे वैध आहे की नाही हे त्या त्या देशाच्या कायद्यावर ठरते.