मर्ल ओबेरॉन टास्मानियाची नव्हे, मुंबईची

ब्रिटिश चित्रपटांतून पुढे आलेली मर्ल ओबेरॉन ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावर जन्मली, असं अजूनही कुठे ना कुठे वाचायला मिळतं. साफ खोटं! ती १९११ साली मुंबईत जन्मली, कोलकात्यात वाढली आणि मग लंडनला गेली. १९३३ मध्ये अलेक्झांडर कोर्डाच्या चित्रपटात राजा आठव्या हेन्रीची राणी ॲन बोलेन साकारली आणि तिचं नशीब उघडलं. पण अँग्लो-इंडियन मुलीला त्या काळी नायिका कोण करणार? म्हणून प्रसिद्धीवाल्यांनी सहसा कुणी तपासायला जाणार नाही असं दूरचं जन्मगाव शोधलं. थाप पचली. तिला वाढवणाऱ्या सावळ्या आजीला, शार्लटला, ती पाहुण्यांसमोर मोलकरीण म्हणायची, असं सांगतात. कहर म्हणजे १९७८ मध्ये टास्मानियाची राजधानी होबार्टने तिचा नागरी सत्कारही केला! पुढच्याच वर्षी ती वारली. मुंबईचा जन्म जगजाहीर झाला तो त्यानंतर.