हातविणीच्या वस्तू : ओळख आणि लेबल

हातविणीच्या वस्तू म्हणजे दोन किंवा जास्त सुयांवर एकेक टाका हाताने घेत विणलेले स्वेटर, मोजे, टोप्या, शाली वगैरे. अशी वस्तू खरंच हातची आहे का हे कसं ओळखायचं आणि तिच्या लेबलवरच्या शब्दांचा अर्थ काय घ्यायचा, एवढाच या नोंदीचा विषय. मराठीत पहिली अडचण शब्दाचीच आहे, विणकर कापड विणतो आणि आजी स्वेटर विणते, दोन्ही आपल्याकडे विणकामच, त्यामुळे हातमागाचं आणि हातविणीचं यात सर्रास गल्लत होते. मागावर उभे-आडवे धागे एकमेकांत गुंततात, सुयांवर एकच धागा फासातून फास काढत पुढे जातो. इथे फक्त दुसरा प्रकार घेतलाय.

ओळखण्यात तज्ज्ञसुद्धा फसलेत. सिरियातल्या दुरा-युरोपोसला उत्खननात लोकरीचे तुकडे मिळाले (हे शहर इ.स. २५६ च्या सुमारास पडलं, म्हणजे तुकडे त्याआधीचे असावेत), ते सुरुवातीला सुयांवर विणलेले म्हणून नोंदले गेले, आणि इजिप्तमधल्या कॉप्टिक (तिथल्या जुन्या ख्रिस्ती समाजाच्या) मोज्यांचंही तेच झालं. वरून बघितलं तर टाका पीळ पडलेल्या सुलट टाक्यासारखाच दिसतो, त्यामुळे चूक समजण्यासारखी आहे. वस्त्र-अभ्यासक डोरोथी बर्नहॅम यांनी १९७२ मध्ये कॉप्टिक मोज्यांचा टाका तपासून दाखवलं की तो नेढं असलेल्या एकाच सुईने घातलेला आहे, या पद्धतीला आता नालबाइंडिंग म्हणतात. यात धाग्याचा तुकडा प्रत्येक फासातून अख्खा ओढून घ्यावा लागतो, म्हणून टोक खेचलं तरी काम उसवत नाही, सुयांवरचं मात्र सरसर उसवतं. दुराच्या तुकड्यांबद्दलही आता बहुतेक अभ्यासक हेच म्हणतात आणि ते जास्त पटतं. मग खात्रीने सुयांवरचे म्हणता येतील असे सर्वांत जुने नमुने उरतात ते इजिप्तमधले निळ्या-पांढऱ्या सुताचे मोजे, त्यांचा काळ ढोबळमानाने ११ वं ते १४ वं शतक असा धरतात.

यंत्र आल्यावर प्रश्न बदलला. इंग्लंडमधल्या विल्यम ली यांच्या मोजे विणण्याच्या यंत्राचं साल परंपरेने १५८९ दिलं जातं. पण हे यंत्रही माणूस हातापायांनीच चालवायचा, आणि लेबलांवरचा आजचा घोळ इथूनच सुरू होतो. 'हँड-निटेड' म्हणजे सुयांवरचं. 'हँड-लूम्ड' किंवा 'हँड-फ्रेम्ड' म्हणजे हाताने सरकवायच्या विणयंत्रावरचं, कष्टाचं आणि कौशल्याचं काम आहे, पण सुयांचं नाही. 'हँड-फिनिश्ड' म्हणजे तुकडे यंत्रावरचे आणि शिवण, बटणं, काठ तेवढे हातचे. 'हँडक्राफ्टेड' यात काहीही बसतं. अमेरिकेतला १९३९ चा लोकर लेबल कायदा काय किंवा युरोपीय संघाचा २०११ चा कापड-लेबल नियम काय, दोन्हींचा भर तंतू कुठला आणि किती टक्के यावर आहे, तो कोणत्या पद्धतीने विणला यावर नाही. म्हणून '१०० टक्के लोकर' वाचून हातचं समजू नये.

तेव्हा लेबल सोडून वस्तू उलटी करावी. दोन सुयांवर पुढे-मागे विणलेल्या साध्या स्वेटरची मागची बाजू उजेडात तिरकी धरली की बऱ्याचदा दोन-दोन ओळींच्या जोड्या दिसतात, मध्ये बारीक फट, कारण बहुतेकांच्या हातात उलट ओळ सुलट ओळीपेक्षा थोडी सैल पडते. हाताने चालवायच्या यंत्रावर सगळ्या ओळी सारख्याच येतात. गोल विणलेल्या कामात ही खूण मिळत नाही, तिथे रंगीत पट्टा जिथे सुरू होतो तिथे एक टाक्याची पायरी शोधावी. धाग्याची टोकं हाताने ओवून जिरवलेली असतात, आणि नवा गुंडा कुठे जोडला ते बोटाला लागतं. दोन रंगांच्या कामात मागे मोकळे धागे आडवे जाताना दिसले तर हात असू शकतो किंवा साधं यंत्रही, पण मागे मोकळे धागे नसून ठिपक्याठिपक्यांची दुसरी जाळी असेल तर ते सुयांच्या दोन रांगा असलेल्या यंत्राचंच जॅकार्ड, म्हणजे यंत्रावरची रंगीत नक्षी. घरगुती पंचकार्ड यंत्रांवर (भोकं पाडलेल्या कार्डावरून नक्षी घेणाऱ्या) डिझाईन सहसा २४ टाक्यांत बसवावं लागतं, हा आणखी एक इशारा, पुरावा नव्हे.

दोन जुने ठोकताळे मात्र सोडायला हवेत. 'शिवण नाही म्हणजे हातचं' हे स्वेटरपुरतं १९९५ पर्यंत ठीक होतं, त्या वर्षी जपानच्या शिमा सेइकी कंपनीने अख्खा स्वेटर एकसंध विणणारं यंत्र आणलं. आणि 'कडा कापलेली म्हणजे यंत्राचं' हेही खरं नाही, स्कॉटलंडच्या शेटलंड बेटांकडे गोल विणलेला स्वेटर पुढून किंवा बाहीपाशी कात्रीने कापून उघडतात, तो पूर्ण हातचा असतो.

आयर्लंडमधल्या अरान बेटांच्या स्वेटरबद्दल सगळीकडे सांगतात की घराण्याघराण्याचं डिझाईन ठरलेलं असे आणि बुडालेल्या माणसाची ओळख त्यावरून पटे. याला आधार सापडत नाही. १९०४ साली रंगमंचावर आलेल्या एका आयरिश नाटकातून ही गोष्ट पसरली असावी असं मानतात, पण त्यात बहीण बुडालेल्या भावाचा मोजा घराण्याच्या डिझाईनवरून ओळखतच नाही, तिने साठ टाके घालून त्यातले चार सोडलेले असतात, ते मोजून ओळखते. ब्रिटिश किनाऱ्यावरच्या कोळ्यांच्या गॅन्सी स्वेटरवर तर कधीकधी काठाच्या वर मालकाची आद्याक्षरंच विणलेली असत.

समूहाने स्वतःचं लेबल राखल्याचं ठळक उदाहरण कॅनडातलं काउचन स्वेटर. तिथल्या कोस्ट सेलिश या मूळ रहिवासी लोकांच्या प्रमाणचिन्हासाठी अट आहे की लोकर न रंगवलेली आणि हाताने कातलेली हवी, स्वेटर एकसंध हाताने विणलेला हवा, आणि विणणारी व्यक्ती त्या समाजाची हवी. २०१० च्या व्हँकुव्हर हिवाळी ऑलिंपिकच्या अधिकृत कपड्यांत तसाच दिसणारा स्वेटर आला तेव्हा विणकरणींनी उघड आक्षेप घेतला आणि शेवटी त्यांचे खरे स्वेटरही विक्रीला ठेवले गेले.

क्रोशाचं थोडक्यात : खरा क्रोशे टाका घालणारं यंत्र कारखान्यांत रुळलेलं नाही, म्हणून तो बहुतेक वेळा हातचाच. क्रोशेसारखी दिसणारी तयार लेस मात्र यंत्रावरची असते, तिच्यात टाक्यांऐवजी उभ्या साखळ्या एकमेकींना धाग्याने बांधलेल्या दिसतात.